पेंटबॉलची गन फुसफुसायला लागली की टेप गुंडाळून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बावीस वर्षं उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामावर आहे, ओरिंग (गळती अडवणारी गोल कडी) आणि सील यातच आमचा दिवस जातो, त्यामुळं गेल्या रविवारी जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवेना. भाच्याच्या वाढदिवसाला पोरांना घेऊन जांबोटीच्या बाजूला पेंटबॉल (एकमेकांवर गॅसच्या गननं रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ) खेळायला गेलतो. पोरांना गन दिल्या त्यातली एक सारखी सुईई करून गॅस सोडत होती. तिथला पोरगा आला, खिशातनं टेफ्लॉन टेप काढली आणि गनला लावलेल्या गॅसच्या बाटलीच्या आट्यांना चार वेढे दिले, म्हणाला काय होत नाही ओ मामा, खेळूदेत की.

अहो पण ती बाटली आट्यांवर सील होतच नाही! तोंडाशी एक ओरिंग असते, सील ती करते, आणि टेपचे तुकडे सुटून आत गेले की वॉल्व्ह अजून बिघडतो. शिवाय इथं गॅस बाटलीकडनं येतच नव्हता. बॉल काढून घेतले आणि गनच्या नळीच्या तोंडाशी बाजूनं प्लास्टिकची पिशवी धरली तर फडफडायला लागली (समोरनं डोकवायचं नाही, चष्मा घातला असला तरी). नळीतनं गॅस येतोय म्हणजे दोष आतल्या कप सीलचा, म्हणजे गॅस अडवणाऱ्या छोट्या झाकणाचा. ट्रिगर ओढला की गनमधली हातोडी त्या सीलच्या पिनवर आदळते, तेवढ्यापुरतं ते सील उघडतं आणि लगेच मिटतं, नीट मिटलं नाही की गॅस नळीतनं वाहत राहतो. कधी कधी नुसती गन कॉक न करताच (म्हणजे हातोडी मागं ओढून न अडकवताच) बाटली लावल्यानं पण असं होतं, कारण हातोडी पिनवर टेकून राहते, म्हणून आधी कॉक करून बघितलं, पण सुईई चालूच.

मग बाटली काढली, रिकाम्या जागेकडं दोन-तीनदा ट्रिगर ओढून आतला गॅस संपवला आणि ॲलन कीनं उघडली. सीलच्या तोंडावर आपली लाल माती, वाळूसारखी, आणि एक केसाएवढी रेघ! माती पुसली, 1000 नंबरचा पॉलिश पेपर गाडीत होता तो ऑफिसच्या टेबलाच्या काचेवर ठेवून सील आठाच्या आकड्यात हलकं फिरवलं, रेघ गेली. जास्त घासलं तर सील वाया जातं, आणि नवीन टाकणं केव्हाही बरं, पण तिथं एक स्पेअर नव्हतं. बाटली उलटी धरून गोळ्या मारल्या तर बाटलीतला द्रवरूप सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गनमध्ये जाऊन सील गारठतं आणि चिरतं, हे पण पोरांना कुणी सांगत नाही.

खरी भीती दुसरीच आहे. साध्या हवामानात त्या बाटलीत सुमारे 850 पीएसआय (दाबाचं माप) असतं, कारच्या चाकात 30-35. बाटलीच्या डोक्यावरचा पितळी वॉल्व्ह वेगळा आणि बाटली गनला लावायची वेगळी, बाटली काढताना तो वॉल्व्हच फिरून सुटायला लागला तर ती रॉकेटसारखी जाते. अमेरिकेत अशानं माणसं मेलेली आहेत. वॉल्व्ह आणि बाटली दोन्हीवर नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा, रेघ जुळत नसली तर हात लावू नका, माणूस बोलवा. आणि काही गनना सीओटूऐवजी दाबलेल्या हवेची बाटली असते, तिच्या भरायच्या तोंडात तेल कधी घालू नका, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

हे खेळ चालवणाऱ्यांनी डबाभर ओरिंग जवळ ठेवायला काय जातंय? आम्ही निघालो तेव्हा तोच पोरगा पळत आला, दुसऱ्या बाटलीची तुटलेली ओरिंग कागदात बांधून आणली आणि म्हणाला, मामा ही कुठं मिळेल. 015 नंबर माग, उद्यमबागेत चहाच्या पैशात मिळते, पण पॉलीयुरेथेनचीच घे म्हटलं, काळी साधी रबरची घेतलीस तर गॅस शिरून फुगते.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव