मुलाच्या विशेष शिक्षिका ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात आपले नाव नाही आणि माझ्या मुलाचेही नाही. मुलाचे निदान आणि त्याच्या फाईलमधला मजकूर चव्हाट्यावर येता कामा नये, ही शिस्त आपणच आम्हाला लावलीत. स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रातसुद्धा आमची लेखी संमती घेतल्याखेरीज आपण त्याला उभे केले नव्हते. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण आपल्याला भेटेपर्यंत विशेष शिक्षकाकडून कशाची अपेक्षा ठेवायची, हेच मला ठाऊक नव्हते.

तोवर वर्षभर मी मुलाची स्वमग्नता (ऑटिझम) ‘बरी’ करून देणाऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आपल्यालाही मी पहिला प्रश्न तोच विचारला, हा बोलेल कधी? आपण म्हणालात, ‘ते मी सांगू शकत नाही. पण पाणी हवे असेल तर ते त्याला मागता कसे येईल, यावर सोमवारपासून काम करू.’ त्या उत्तराचा मला राग आला होता, हे आज कबूल करतो. वाणीसाठी आपण आम्हाला वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलेत, औषधांविषयी विचारले तेव्हा डॉक्टरांकडे. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचे भिंतीवरचे प्रमाणपत्र मी तोवर नुसती शोभा समजत होतो.

आम्हाला सोबत बसवून आपण त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा केलात. त्यात अक्षरओळखीच्या आधी शर्टाची बटणे आली, तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. आपण बटण काजात अर्धे घालून द्यायचात आणि उरलेले अर्धे तेवढे त्याने ओढायचे. ते जमल्यावर मग एक पायरी मागे, म्हणजे त्याआधीचा टप्पाही त्यानेच करायचा. रोजच्या वहीत ‘हात धरून’, ‘खुणेने’, ‘स्वतः’ एवढेच शेरे असायचे. एके दिवशी मात्र आपण लिहिले होते, ‘आज तो चिडला. घाई माझी झाली.’ स्वतःची चूक पालकांच्या हाती लेखी देणारा शिक्षक मी त्याआधी पाहिला नव्हता. (घरी शाळेची गाडी दारात उभी असताना त्याची बटणे आम्हीच भराभर लावून टाकायचो. त्यावर आपण फक्त, दहा मिनिटे लवकर उठता येईल का, एवढेच विचारलेत.)

पुढे एका नेहमीच्या शाळेने प्रवेशाला तोंडी नकार दिला. आपण आवाज न चढवता नकार लेखी मागितलात आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले कलम 31 समोर ठेवलेत. त्यात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. लेखी नकार काही आला नाही, प्रवेश मिळाला. मात्र त्या बैठकीतली माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. मुख्याध्यापक त्याच्यासमोरच ‘याला काय कळणार’ म्हणाले, तेव्हा आपण बोलणे थांबवून आधी त्याच्याकडे वळलात आणि ‘आपण तुझ्या शाळेविषयी बोलतो आहोत’ असे त्याला सांगितलेत. तोवर त्याच्यादेखत त्याच्याविषयी आम्ही स्वतः किती बोललो होतो, हे आठवून मान खाली गेली.

काल सकाळी त्याने शर्ट एक काज सोडून लावला. मी सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. तो तसाच शाळेत गेला.

मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
एक पालक