खुले पत्र : शाळेतली आरोग्य तपासणी चिठ्ठीवर थांबायला नको

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिक्षिका आहे, वर्गातल्या बऱ्याच लेकरांच्या आया विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर नाहीतर रिक्षावर. मागणी आधीच सांगते, नवीन योजना नको, आहे तीच बारा महिने चालू ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना, २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. शाळेत त्याची टीम वर्षातून एकदा येते. डॉक्टर, सिस्टर मनापासून तपासतात, पण ते स्वतःच कंत्राटी, त्यांना तरी पुढच्या वर्षाचं काय माहीत?

आमच्या आठवीतल्या एका मुलीला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून चिठ्ठी मिळाली, ती कित्येक दिवस कंपासपेटीत घडी घालून तशीच होती. आईला विचारलं तर म्हणाली, बाई, सकाळी ओपीडी असते आणि तीच माझी विड्या द्यायची वेळ, उशीर झाला की माल घेत नाहीत, मजुरी हजार विड्यांवर, एक दिवस गेला तर घरात काय शिजवू? तिला काय उत्तर देणार मी. तपासणी झाली, रजिस्टर भरलं, आणि पोरगी आहे तिथंच.

त्यात या घरांत तंबाखू सुपात उघडीच असते, त्याच खोलीत स्वयंपाक, तिथंच अभ्यास, तिथंच झोप. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरताना आढळली. आणि आपली बीपी-शुगरची सरकारी तपासणी सुरू होते तिशीनंतर! सवयी लागतात तेराव्या वर्षी, मग मधली सतरा वर्षं कोणाची? शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच, महापालिका आणि पोलिसांना एकत्र बसवून तुम्हीच सांगा.

गोळ्यांचंही तसंच. शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतो, ती खिचडीनंतर दिली की पोरं घेतात, उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात गोळी गुपचूप खिशात जाते. हे ज्या बाईंना माहीत असतं त्यांची बदली होते, नवीन बाईंना कोणी सांगत नाही, मध्येच साठा संपतो, मग लागलेली सवय मोडते. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून, म्हणजे मुलांना आरोग्याचे धडे द्यायला, नेमायचे ठरलंय, चांगलंच आहे, पण एकदा ट्रेनिंग देऊन कसं भागेल? दरवर्षी जूनमध्ये परत द्या, आणि बाकीच्या कागदकामातून त्यांना आठवड्याचे दोन तास तरी मोकळे करा.

सगळ्यात आधी एक करा साहेब. वस्तीजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी, विड्या देऊन झाल्यावर, शाळेतून चिठ्ठी मिळालेल्या मुलांसाठी ओपीडी ठेवा, आणि कोण आलं कोण नाही याची यादी दर महिन्याला शाळेकडे पाठवा. जे आले नाहीत त्यांच्या घरी आम्ही जाऊ, आशाताईंना बरोबर घेऊन. तेवढा आदेश या जूनच्या आत काढा.

आपली,
एक शिक्षिका, सोलापूर