गाउटच्या रुग्णाला दोष नको, उपचार हवेत

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा मध्यरात्री लालभडक सुजला आणि त्यावर चादरीचा स्पर्शही त्यांना सोसवेना. मुका मार समजून आम्ही तो तेलाने चोळत राहिलो, ही आमची चूक. तो गाउट होता. रक्तातील युरिक ॲसिड प्रति डेसिलिटर साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर बराच काळ राहिले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात आणि एकाएकी दाह उसळतो. मूत्रपिंडांवाटे युरिक ॲसिड पुरेसे बाहेर न पडणे हे बहुतेक रुग्णांमधील मूळ कारण असून आनुवंशिकता, स्थूलपणा आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी, लघवी वाढवणारी काही औषधेही त्याला हातभार लावतात. त्यामुळे जिभेचे चोचले नडले, असे रुग्णाला ऐकवणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही पथ्य हवेच. ‘मटण नाही, नुसता पांढरा रस्साच घेतला’ असे समाधान कोल्हापुरात अनेकजण मानतात, पण ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते, ते मांसातील प्युरीन शिजताना रश्शातही उतरते. कलेजी, बिअर आणि गोड शीतपेये टाळावीत. दुधाला मज्जाव नाही.

झटका ओसरताच गोळ्या बंद करण्याची सवय सर्वांत घातक आहे. युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवण्यासाठी सुरू केलेले ॲलोप्युरिनॉलसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा झटका आला तरी ते आपल्या मनाने सोडू नये. ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड प्रमाणात दिसू शकते, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर