पेन्सिल माझ्या हाती देणाऱ्या दुकानदारकाकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पुण्याच्या बोहरी आळीतल्या तुमच्या हत्यारांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते, त्यामुळे त्यांतली मी तुम्हांला आठवत असेनच असे नाही. मला मात्र तुम्ही आणि तुम्ही दिलेला वेळ पक्का आठवतो. तुमच्यासमोर उभी राहून हे सगळे बोलू लागले, तर अर्धे राहून जाईल आणि मागे खोळंबलेली गिऱ्हाइके वैतागतील, म्हणून हे पत्र चार लोकांसमक्ष लिहीत आहे. घराच्या मागच्या गॅलरीत लाकूडकामाची लहानशी जागा असावी, ही माझी फार जुनी इच्छा होती. ती तुमच्यामुळे पूर्ण झाली, आणि मी बाजूला काढून ठेवलेल्या पैशांतच पूर्ण झाली. गेल्याच आठवड्यात पुस्तकांचे एक छोटे कपाट उभे राहिले. त्याच्या चारही कोपऱ्यांत कुठे फट नाही. त्या कोपऱ्यांवरून बोट फिरवताना प्रत्येक वेळी तुमची आठवण होते.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्या दुकानांच्या पायऱ्या चढले, त्यांच्याबद्दलही लिहायला हवे, कारण तुमच्या वागण्याचे मोल त्याशिवाय कळणार नाही. एका ठिकाणी रंधा दाखवा म्हटल्यावर, "मिस्त्रींना पाठवा, त्यांना कळतं," असे उत्तर मिळाले. मिस्त्री नाहीत, काम मीच करणार आहे, असे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळून त्याला काय हवे ते विचारले. दुसऱ्या ठिकाणी "साहेबांना घेऊन या" असा सल्ला मिळाला. मोठ्या रस्त्यावरच्या एका चकचकीत दुकानात तर विक्रेत्याने मला बोलूच दिले नाही. शंभरावर नगांची प्लास्टिकची पेटी पुढे ठेवून, घरात लागणारे सगळे हिच्यात आहे, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. त्या पेटीत निम्मी जागा गाडीच्या नट-बोल्टांना लागणाऱ्या सॉकेटांनी व्यापली होती. लाकूडकामाच्या नावाने एक करवतीचे पाते होते, तेही बोटाने वाकत होते. दाराच्या बिजागरीचा घट्ट बसलेला स्क्रू काढताना तिच्यातल्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक पिळवटले, आणि ते दाखवायला गेल्यावर "वापरलेला माल परत घेत नाही" असे ऐकावे लागले. न वापरता हत्यार खोटे आहे हे कसे कळावे, या माझ्या प्रश्नाला तिथे कुणापाशीही उत्तर नव्हते.

तुमच्याकडे उत्तर होते, आणि ते तुम्ही मी न विचारताच दिलेत.

तुमचा पहिला प्रश्न बजेट किती, हा नव्हता. काम कुठे करणार आणि पहिल्यांदा काय बनवणार, असे तुम्ही विचारलेत. फ्लॅटची गॅलरी आहे, वर-खाली बिऱ्हाडे आहेत आणि आधी पुस्तकांचे कपाट करायचे आहे, हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातातली यादी मागून घेतलीत आणि तिच्यावर काट मारायला सुरुवात केलीत. ग्राइंडर काढून टाकलात, कारण त्याच्या आवाजाने आणि ठिणग्यांनी शेजारी दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येतील. बॅटरीवर चालणारा ड्रिलचा संच काढून टाकलात, कारण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही आणि एकदा त्या साखळीत अडकले की पुढची प्रत्येक खरेदी तिथूनच करावी लागते. बारा पटाश्यांचा, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट छिन्न्यांचा, संचही काढलात आणि त्या जागी अर्ध्या इंचाची एक आणि एक इंचाची एक, अशा दोनच पटाश्या लिहिल्यात. तुमच्या गल्ल्यात येऊ शकणारे पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने खोडत होतात, आणि मी ते नुसती पाहत उभी होते.

यानंतर जे घडले त्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. यादीत सहा इंची गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, होता. तीनशे रुपयांच्याही आतली ती वस्तू. दुसऱ्या कुणी ती कागदात गुंडाळून हातात ठेवली असती. तुम्ही काउंटरखालून प्लायवूडचा एक तुकडा काढलात, त्याची कारखान्यात कापलेली सरळ कड निरखलीत, गुण्याचा दांडा त्या कडेला घट्ट टेकवलात आणि पात्याच्या बाजूने एक बारीक रेघ ओढलीत. मग गुण्या उलटा फिरवून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढलीत. खाली एकत्र असलेल्या त्या दोन रेघा वर जाता जाता फाकत गेल्या. "जेवढं फाकलं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे," एवढेच म्हणून तो गुण्या तुम्ही विकायच्या मालातून वेगळा काढून मागच्या खणात टाकलात. खोक्यातून दुसरा गुण्या काढलात, माझ्यासमोर ठेवलात, आणि पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता तुम्ही बघा."

दुकानात गर्दी होती. मागे कुणीतरी नळाचे फिटिंग मागत होते, कुणाला खिळे तोलून हवे होते. तुम्ही त्यांच्याकडे वळलात, पण माझ्यावर नजर ठेवायला किंवा घाई करायला म्हणून एकदाही मागे पाहिले नाहीत. माझी पहिली रेघ थरथरली. गुण्या उलटा करून मी त्याच बिंदूपासून पुन्हा ओढली. या वेळी दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की कागदाचा कपटाही मध्ये जाऊ नये. "हा खरा आहे," असे मी म्हणाले, तेव्हा तुम्ही रेघा तपासायला वाकला नाहीत. सरळ बिलावर लिहिलात. "साहेबांना घेऊन या" हे ऐकून आलेल्या बाईला त्या क्षणी काय वाटले असेल, हे तुम्हांला ठाऊक नसेल. माझ्या हातात पेन्सिल देऊन तुम्ही निवाडा माझ्याकडे सोपवलात आणि तो प्रमाण मानलात. त्यानंतर कोणत्याही दुकानात मला कुणाच्या भरवशावर गुण्या घ्यावा लागणार नाही. ही पारख तुम्ही फुकट दिलीत, आणि ती मी इतर कुठेही जाऊन वापरू शकते हे माहीत असून दिलीत.

पुढच्या गोष्टीही मला तशाच लख्ख आठवतात. नवी पटाशी कारखान्यातून येते तेव्हा तिला घासून साधारण पंचवीस अंशांचा उतार दिलेला असतो, पण धार नसते. आधी तिची पाठ पुढच्या इंचभर भागात आरशासारखी सपाट करायची आणि मग टोकाला तिसाच्या आसपासचा एक अगदी अरुंद उतार द्यायचा, हे तुम्ही पटाशी हातात धरून दाखवलेत. धार लावायचा महागडा दगड मी मागितला, तेव्हा तुम्ही जाड काचेचा तुकडा आणि वॉटर पेपरचे, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरचे, चढत्या नंबरांचे काही कागद घ्यायला सांगितलेत. काच तर काचवाल्याकडच्या कातरणीत मिळेल, असेही सुचवलेत. नव्या लोखंडी रंध्याचे बूडही थेट वापरण्याइतके सपाट नसते, ते त्याच काचेवर घासून घ्यावे लागते, हे तुम्ही सांगितले नसते तर मी रंध्यालाच नावे ठेवत बसले असते. काचेवर कागद चिकटवून पटाशीची पाठ घासायला घेतली, तेव्हा आधी फक्त दोन कडा चमकू लागल्या आणि मधला भाग काळाच राहिला. कारखान्याच्या घासणीच्या खुणा त्या मधल्या खोलगट भागात लपलेल्या होत्या. कडांची चमक हळूहळू आत सरकत गेली आणि अखेर सगळी पाठ एकसारखी उजळली. त्या धारेने सागवानाच्या आडव्या पोतावरूनही पातळ, अखंड ढलपी निघाली.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याचा तुमचा हिशेब फार स्वच्छ होता. पक्कड तुम्ही नाशिकच्या तापरिया कंपनीची दिलीत आणि धातू घासायची कानस रत्नागिरीच्या कारखान्यातली दिलीत; या दोन वस्तूंत स्वस्ताई शोधू नका, कारण पोलादाला पाणी नीट दिलेले नसेल, म्हणजे ते तापवून-निववून नीट कठीण केलेले नसेल, तर पकडीचे दात आणि कानशीची धार दोन्ही काही महिन्यांत बसतात, असे सांगितलेत. नट फिरवायचे पाने मात्र जालंधरचे, फारसे नाव नसलेले चालतील, फक्त जबडा नटावर बसवून हलवून पाहा, असे म्हणालात. ड्रिलच्या पात्यांचा संच न देता तीन, चार, पाच, सहा आणि आठ मिलिमीटरची हायस्पीड पोलादाची सुटी पाती दिलीत, आणि भिंतीसाठी कार्बाइडचे टोक असलेले एक वेगळे. ड्रिल मशीन घेताना खोक्यावरचा वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी पाहायचा, असे तुमचे म्हणणे होते. आधी पाहायचे ते वेग कमी-जास्त होतो का, मोटारीतले कार्बन ब्रश आणि पाते पकडणारा चक या आळीतच सुटे मिळतात का, आणि अंगावर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे का. घरकामाला दहा मिलिमीटरचा चक पुरतो, तेरा मिलिमीटरसाठी जास्तीचे पैसे घालू नका, असे तुम्ही दोनदा बजावलेत.

बेंच व्हाइसच्या, म्हणजे टेबलाला बसवून काम घट्ट धरायच्या लोखंडी जबड्याच्या, बाबतीत तर तुम्ही मला स्वतःच्या दुकानाबाहेर पाठवलेत. "नवा घेतलात तर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चांगला महाग पडेल आणि स्वस्त घेतलात तर फुटेल, जुन्या बाजारात बघा," असे म्हणून तुम्ही बिलाच्या मागे काय पाहायचे ते लिहून दिलेत. दांडा पूर्ण फिरवून आटे कुठे अडकतात किंवा घसरतात का ते पाहायचे, जबडे मिटल्यावर दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात का ते उजेडासमोर धरून पाहायचे, आणि अंगावर वेल्डिंगची शिवण दिसली तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यायचा, कारण एकदा तडकलेल्या बिडावर भरवसा ठेवता येत नाही. कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात मी तुमचा कागद घेऊन फिरले. रंग खरवडून पाहिल्यावर एकाच्या मानेवर तुम्ही सांगितलेली शिवण निघाली आणि मी पुढे झाले. शेवटी गंजाने माखलेला, पण आटे शाबूत असलेला एक चार इंची व्हाइस मिळाला. रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून आता तो टेबलाच्या कडेला पक्का बसला आहे.

दुकान चालवायचे म्हणजे नफा हवाच, आणि तुम्ही नफा न घेता दुकान चालवता असे मी म्हणत नाही. माझ्याकडून जे पैसे घेतलेत ते वाजवी होते आणि ते द्यायला मला आनंद वाटला. मला भारावून टाकले ते हे, की समोरच्या माणसाला काय माहीत नाही याचा फायदा घेण्याची पूर्ण संधी असताना तुम्ही तेच त्याला शिकवलेत. महागाईच्या दिवसांत नोकरदार माणूस छंदासाठी महिन्याकाठी थोडे बाजूला टाकतो. ते पैसे एका वाकड्या गुण्यावर किंवा पिळवटलेल्या स्क्रू ड्रायव्हरवर गेले, की पैशांबरोबर उमेदही जाते. कित्येकांच्या घरी माळ्यावर अशी प्लास्टिकची पेटी पडलेली असेल, आणि आपल्याला हे जमत नाही असे तो माणूस समजून बसला असेल. खरे तर त्याच्या हातात खरे हत्यार कधी आलेलेच नसते. अशा माणसाला तुमच्यासारखा दुकानदार वेळेवर भेटणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि या शहरात अशी माणसे अजून काउंटरमागे उभी आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते.

आमच्या इमारतीतल्या दोघीजणी कपाट पाहून गेल्या. एकीला स्वयंपाकघरातल्या नळाचे वॉशर स्वतः बदलायचे आहेत, दुसरीला मुलीसाठी अभ्यासाचे डेस्क करायचे आहे. दोघींना मी तुमच्या दुकानाचा पत्ता दिला आहे. त्या आल्या की त्यांची यादीही आधी मागून घ्या आणि हवी तेवढी खोडा. मला स्वतःला व्हाइसच्या जबड्यांना आतून लाकडी पट्ट्या बसवायच्या आहेत, म्हणजे काम धरताना त्यावर दातांचे वण उठणार नाहीत. त्यासाठी कोणत्या मापाचे स्क्रू लागतील हे विचारायला, आणि तुम्ही तूर्त थांबा म्हणून सांगितलेले दोन क्लॅम्प घ्यायला, येत्या आठवड्यात येते.

आपली कृतज्ञ,
गॅलरीत लाकूडकाम करणारी एक गिऱ्हाईक