ओली सलवार, प्लास्टिकची पिशवी आणि डीएनए

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘डीएनए जुळला, आता आरोपी सुटत नाही’ असं हल्ली सारखं कानावर पडतं. मी पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून म्हणून बरीच वर्षं काढली. प्रयोगशाळेत काय जुळणार हे पुष्कळदा पंचनाम्याच्या वेळीच ठरून गेलेलं असतं, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

एका पावसाळ्यात अत्याचाराच्या गुन्ह्यातली सलवार माझ्याकडे जमा झाली. चिंब ओली. तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलेलं. प्रयोगशाळेत न्यायला शिपाई मोकळा होईपर्यंत ती कपाटातच राहिली. शेवटी बाहेर काढली तेव्हा पिशवीला आतून पाणी सुटलं होतं आणि कापडावर काळपट बुरशी चढली होती. सी.ए. (रासायनिक विश्लेषक, म्हणजे प्रयोगशाळेचा) रिपोर्ट आला : डीएनए मिळाला नाही. मुलीची आई दर आठवड्याला येऊन विचारायची, ‘साहेब, कपडे तपासून आले का?’

असं का होतं, हे मी नंतर समजून घेतलं. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा दुपेडी गोफ असतो. त्यात ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या सुमारे 300 कोटी जोड्या. बहुतेक मजकूर सगळ्या माणसांत सारखाच. पण काही ठिकाणी एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो. कुणात नऊ वेळा, कुणात चौदा वेळा. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईकडून, एक वडिलांकडून. अशी वीसेक ठिकाणं मोजली की एकसारखी जुळी भावंडं सोडली तर दोन माणसांचे सगळे आकडे जुळणं जवळपास अशक्य. पण ओल आणि उष्णता मिळाली की जंतू आणि बुरशी त्या गोफाचे तुकडे करतात. मग मोजायचं काय? म्हणून कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटातच ठेवायचा असतो.

इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 साली डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधली. लेस्टरजवळ दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएने तो निर्दोष ठरला. मग पोलिसांनी हजारो पुरुषांचं रक्त तपासलं, तरी खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क निसटला, कारण त्याने फोटो बदललेला पासपोर्ट देऊन सहकाऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. रक्त घेणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. सहकाऱ्याच्या तोंडून बाहेर गोष्ट फुटली म्हणून तो सापडला.

आपल्याकडे दिल्लीच्या छावला प्रकरणात (एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता) 2012 च्या फेब्रुवारीत 14 आणि 16 तारखेला घेतलेले नमुने 27 तारखेपर्यंत ठाण्याच्या मालखान्यातच होते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडलं, त्यात या दिरंगाईचाही उल्लेख आहे. नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, असा आदेशही न्यायालयाने 2025 मध्ये दिला.

आदेश ठीक, पण नेणार कोण? गृहखात्याने प्रत्येक ठाण्याला कागदी पाकिटं, कपडे वाळवायला कुलपाची हवेशीर जागा आणि फक्त मुद्देमाल पोहोचवण्यासाठी एक माणूस द्यावा. आणि तो माणूस बंदोबस्ताला पाठवू नये.

– एक निवृत्त हवालदार, सातारा