दोन बातें

सातारा,
23 नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. फाइल माझ्या टेबलावर पडून होती, असं समज.

गेल्या आठवड्यात आईचा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांची रांग पार जिन्यापर्यंत. 2014 पासून तो दाखला अंगठ्यावर मिळतो खरा, पण यंत्राला आईचा अंगठा पटेना. जन्मभर भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे! तिनं तो पदराला पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. खिडकीतला मुलगा म्हणाला, "आजी, सिस्टीम घेत नाहीये." धडधाकट आजी समोर उभी, आणि सिस्टीम घेत नाहीये! मला फस्सकन हसू आलं. आई चिडली. तिला काय सांगू, मला 'ऑफिस ऑफिस' या हिंदी मालिकेतला, सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा मुसद्दीलाल आठवला होता.

रात्री मोबाइलवर 'ऑफिस ऑफिस' लावलं. 2001 साली सब टीव्हीवर लागायचं तेव्हा तुमच्या घरी येऊन बघायचो, आठवतं? तेव्हा वाटायचं, गंमत लाचेची आहे. तसं नाही रे. लाच तर ठरलेलीच. गंमत ही, की मुसद्दी कुठल्याही खात्यात जावो, टेबलांमागे तीच पाच माणसं. मनोज पाहवाचा खादाड भाटिया, पान चघळणारा संजय मिश्राचा शुक्ला, पांडेजी, उषाजी झालेली आपली आसावरी जोशी आणि कशाच्याही 'दोन बातें' करणारा देवेन भोजानीचा पटेल. खातं बदलतं, पाटी बदलते, माणसं हलत नाहीत. अश्विनी धीरनं लिहिताना केलेल्या या एका युक्तीत सगळं आलं. खेटे घालून चपला झिजवलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि मुसद्दी झालेला पंकज कपूर! बावरतो, घाम पुसतो, पण अदब सोडत नाही. तो चिडला असता तर आपण इतके हसलो नसतो. 2011 च्या सिनेमात हाच मुसद्दी आपण जिवंत आहोत हे पटवत फिरतो. कल्पना फर्मास, पण मला सिनेमा फिका वाटला. या माणसांना अर्ध्या तासाचंच टेबल शोभतं.

आता एक कबुली, कुणाला सांगू नकोस. परवा एक म्हातारबाबा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी चष्मा काढला आणि म्हणालो, "बाबा, दोन गोष्टी आहेत." ते "बरं साहेब" म्हणून हात जोडून उभे राहिले आणि माझं मलाच ऐकू आलं. बावीस वर्षं मी स्वतःला मुसद्दी समजत होतो, सुध्या! त्यांना खुर्ची दिली. अर्जाला एक झेरॉक्स कमी होती, ती मीच खाली जाऊन काढून आणली. रोज असं होईल याची हमी देत नाही.

आईचं काम शेवटी चेहऱ्यावर झालं. मुलानं मोबाइल समोर धरला आणि म्हणाला, "आजी, पापण्या मिटा-उघडा." आई फोटोला बसल्यासारखी डोळे ताणून बघत राहिली. तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे तिनं पापणी हलवली.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या