सूचना : पोर्तो सांतो बेटाची सहल

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, मदेइरा द्वीपसमूहातील पोर्तो सांतो बेटाच्या सहलीसाठी ज्यांनी नावे दिली आहेत, त्यांनी शेंगेन व्हिसाची (युरोपातील अनेक देशांसाठीचा एकच व्हिसा) कागदपत्रे त्वरित जमा करावीत, कारण हे बेट पोर्तुगालचा भाग आहे. मदेइराची राजधानी फुंशाल येथून बोटीने सुमारे अडीच तास लागतात. बोट लागणाऱ्यांनी गोळ्या जवळ ठेवाव्यात. ९ किलोमीटरचा सोनेरी किनारा आहेच, परंतु बेटावरील व्हिला बालेइरा या शहरातील कोलंबस संग्रहालय कोणीही चुकवू नये. कोलंबसची पत्नी फिलिपा ही बेटाचा पहिला कारभारी पेरेश्त्रेलो याची मुलगी. याच गृहस्थांनी आणलेल्या सशांनी बेटावरची पिके फस्त केली, असे जुन्या बखरी सांगतात. टोपी व पाण्याची बाटली प्रत्येकाने स्वतःची आणावी.